सात मुलगे, एक मृत्युपत्र: गोटाचा ड्यूक एर्न्स्ट आणि १६८० ची वाटणी

२६ मार्च १६७५ रोजी गोटा इथे ड्यूक एर्न्स्ट पहिला वारला. वय ७३. मागे पत्नी, सात मुलगे, लग्न होऊन हेसे-डार्मश्टाटला गेलेली एक मुलगी आणि घरात एक मुलगी. राज्य थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखातलं, आकाराने बेताचंच, पण त्या काळच्या जर्मनीत त्याच्याइतकं नेटकं चालवलेलं राज्य शोधावं लागलं असतं. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की राज्य तोडू नये, सातही भावांनी थोरल्याच्या नेतृत्वाखाली एकत्र कारभार करावा.

पाच वर्षांत त्या राज्याचे सात तुकडे झाले. त्यातून निघालेले दावे पुढे दोन-तीन पिढ्या चालले. एकदा चुलत घराण्यांमध्ये सैन्यही निघालं. हे का झालं? मुलगे नालायक निघाले, असं सोपं उत्तर देता येतं, पण ते मला पटत नाही. एर्न्स्टने लिहिलेली व्यवस्था त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेली होती. ते आयुष्य नीट पाहिल्याशिवाय या वाटणीचं कोडं सुटत नाही.

नववा मुलगा

एर्न्स्टचा जन्म २५ डिसेंबर १६०१ रोजी आल्टेनबुर्गला झाला. वडील सॅक्स-वायमारचे ड्यूक योहान दुसरे, आई आनहाल्टची डोरोथेया मारिया. एर्न्स्ट हा त्यांचा नववा मुलगा. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. मुलांना आईनेच वाढवलं आणि फार कडक शिस्तीत वाढवलं. प्रार्थना, बायबल, लॅटिन, हिशेब. १६१७ मध्ये घोड्यावरून इल्म नदीत पडून तीही गेली.

हे घराणं मुळात मोठं होतं. सॅक्सनीच्या वेटिन वंशाची ही एर्नेस्टीन शाखा. धर्मसुधारक ल्यूथरला आसरा दिला तो याच शाखेने, आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा मान, म्हणजे इलेक्टरपदही याच शाखेकडे होतं. १५४७ मध्ये म्यूलबेर्गच्या लढाईत सम्राट पाचव्या कार्लने त्यांचा पराभव केला आणि ते पद चुलत्यांच्या, म्हणजे आल्बर्टीन शाखेकडे गेलं. उरला थुरिंगियाकडचा मुलूख, तोही दर पिढीला वाटला जाऊ लागला. साम्राज्याच्या कायद्यानुसार इलेक्टरपदाशी जोडलेली मूळ जमीन फोडता येत नसे. १३५६ च्या ‘सुवर्ण फर्माना’तच तसं लिहिलं होतं. साध्या ड्यूकच्या जमिनीला ते बंधन नव्हतं. उलट ती जहागीर सगळ्या भावांना मिळून दिली जाई आणि प्रत्येक भावाचा तिच्यात जन्मसिद्ध हिस्सा असे. इलेक्टरपद गेलं त्यासोबत जमीन अखंड ठेवणारी ढालही गेली.

एर्न्स्टच्या भावांची कथा तर युद्धकथाच आहे. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने ते घर पार मोडून टाकलं. फ्रीडरिख १६२२ मध्ये फ्ल्यूरूसच्या लढाईत पडला. थोरला योहान एर्न्स्ट १६२६ मध्ये मोहिमेवर असताना वारला. सगळ्यात धाकटा बेर्नहार्ड पुढे युरोपभर नाव झालेला सेनापती बनला आणि १६३९ मध्ये, पस्तिशीच्या आत गेला. योहान फ्रीडरिखची कथा सगळ्यात वेदनादायक. त्याने सैतानाशी करार केला, असा आरोप ठेवून भावांनीच त्याला कैदेत टाकलं आणि १६२८ मध्ये तो वायमारला कोठडीतच मेला. एर्न्स्टसारखा देवभक्त माणूस त्या घरात होता, तरी हे घडलं.

एर्न्स्ट स्वतःही स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या बाजूने लढला. १६३२ ला ल्युट्सेनच्या रणांगणावर तो होता. त्यानंतर बेर्नहार्डच्या वतीने त्याने वुर्त्सबुर्ग आणि बाम्बेर्गकडच्या जिंकलेल्या मुलखाचा कारभार पाहिला. १६३५ च्या प्रागच्या तहात वायमारचे भाऊ सामील झाले आणि एर्न्स्टचं सैनिकी जीवन संपलं.

इतक्या भावांपैकी १६४० मध्ये तिघेच उरले होते: विल्हेल्म, आल्ब्रेख्त आणि एर्न्स्ट. तोवर भावांनी विल्हेल्मच्या पुढारपणाखाली एकत्र कारभार केला होता. आता समजुतीने वाटणी झाली. विल्हेल्मला वायमार, आल्ब्रेख्तला आयझेनाख, एर्न्स्टला गोटा. आल्ब्रेख्त १६४४ मध्ये निपुत्रिक वारला आणि त्याचा वाटा दोघांनी वाटून घेतला. भांडण नाही, तंटा नाही.

हीच या प्रकरणाची किल्ली आहे, असं मला वाटतं. ‘थोरल्याला सगळं, बाकीच्यांना नेमणूक (ठरावीक रक्कम)’ हा ज्येष्ठाधिकाराचा नियम त्या घरात असता, तर नवव्या मुलाला गादीचं स्वप्नही पडलं नसतं. एर्न्स्ट राज्यावर आला तो भावांच्या समान हक्कामुळे. आणि भाऊ एकत्र राहू शकतात, मग शांतपणे वेगळेही होऊ शकतात, हे त्याने स्वतः अनुभवलं होतं. एक गोष्ट मात्र त्या हिशेबात धरली गेली नाही. त्यांची वाटणी सोपी झाली, कारण वाटेकरी युद्धात संपले होते.

राज्य कसं असावं

गोटा हाती आलं तेव्हा मुलूख उद्ध्वस्त होता. सैन्यं येऊन-जाऊन गावं ओस पडलेली, शेतं पडीक. एर्न्स्टने आधी गावोगाव पाहणी करवली. लोकांना धर्माचं किती कळतं, पाद्री काय करतात, शाळा आहे का, मास्तर आहे का, याची नोंद. त्यातून शाळांचा प्रश्न समोर आला आणि त्याने आंद्रेआस रायहर या शिक्षकाला गोट्याच्या शाळेवर नेमलं. १६४२ मध्ये रायहरची ‘शूलमेथोडुस’ निघाली. कोणत्या वर्गात काय शिकवायचं, किती वेळ, मुलांना कसं बसवायचं, परीक्षा कशी घ्यायची, सगळं त्यात होतं. मुलगे आणि मुली दोघांनाही, खेड्यातल्यांनाही, पाच वर्षांपासून शाळा सक्तीची. न पाठवणाऱ्या पालकांना दंड. वाचन, लेखन, गणित, धर्मशिक्षण तर होतंच, पुढे निसर्गातल्या गोष्टी, मोजमाप, रोजच्या व्यवहाराचं ज्ञान हेही पाठ्यपुस्तकात आलं. तीस वर्षांचं युद्ध चालू असताना, सतराव्या शतकाच्या मध्यावर हे चाललं होतं. गोट्याचे शेतकरी इतर ठिकाणच्या सरदारांपेक्षा जास्त शिकलेले, असं लोक म्हणू लागले ते उगीच नाही.

त्याच काळात फ्रीडेनश्टाइन राजवाडा उभा राहिला. आधी त्या टेकडीवर ग्रिमेनश्टाइन किल्ला होता. १५६७ मध्ये घराण्यातल्याच एका ड्यूकने साम्राज्याविरुद्ध बंडखोरांना आश्रय दिला म्हणून तो जमीनदोस्त केला गेला. १६४३ मध्ये एर्न्स्टने त्याच जागी बांधकाम काढलं. राजवाड्याच्या दारावर एक शिल्प आहे. शांती आणि न्याय या दोन स्त्रिया एकमेकींचं चुंबन घेताहेत, आणि त्यासोबत जर्मनमध्ये कोरलंय की शांती पोसते, कलह खाऊन टाकतो. त्या दाराखालून सातही मुलगे रोज जा-ये करत वाढले.

दरबारातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे फाइट लुडविग फॉन झेकेनडोर्फ. त्याच्या वडिलांना स्वीडिश सैन्याने मृत्युदंड दिला होता. एर्न्स्टने पोराला जवळ केलं, शिकवलं, कामाला लावलं. १६५६ मध्ये झेकेनडोर्फने लिहिलेला ‘टॉयचर फ्युर्स्टेनश्टाट’ हा जर्मन राज्यकारभारावरचा ग्रंथ पुढे पिढ्यान्‌पिढ्या अधिकाऱ्यांच्या हातात राहिला. त्यात वर्णिलेलं आदर्श राज्य म्हणजे बऱ्याच अंशी गोटाच. ड्यूक हा घरातल्या वडिलांसारखा. प्रजा ही मुलं. वडिलांनी सगळ्यांचं सारखं पाहायचं.

एर्न्स्टची नजर थुरिंगियापुरती नव्हती. १६५२ मध्ये इथिओपियाचा विद्वान धर्मगुरू अब्बा गोर्गोर्योस गोट्याला आला आणि जर्मन विद्वान हियोब लुडोल्फने त्याच्याकडून भाषा व इतिहास टिपून घेतला. युरोपात इथिओपियाच्या अभ्यासाचा पाया तिथे पडला. लोक एर्न्स्टला ‘बेट-एर्न्स्ट’, म्हणजे प्रार्थना करणारा एर्न्स्ट, म्हणत. इतिहासात तो ‘धर्मशील’ या उपाधीने ओळखला जातो.

घर

१६३६ मध्ये एर्न्स्टचं लग्न आल्टेनबुर्गच्या एलिझाबेथ सोफीशी झालं. ती १७ वर्षांची, तो ३४ चा. सॅक्स-आल्टेनबुर्गच्या ड्यूकची ती एकुलती मुलगी. तिला १८ मुलं झाली. त्यांतली निम्मी बापाच्या हयातीत गेली. १६५७ या एका वर्षात चार: दोन मुली, एक तान्हा मुलगा आणि १६ वर्षांचा थोरला मुलगा योहान एर्न्स्ट. पुढच्या ऑगस्टमध्ये अजून एक मुलगा झाला. त्याचंही नाव योहान एर्न्स्ट ठेवलं. हा शेंडेफळ मुलगा पुढे लक्षात ठेवायचा आहे.

एलिझाबेथ सोफीचं नाव बहुतेक इतिहासात अपत्यांच्या आकड्यापाशी थांबतं. तसं करणं अन्याय आहे, कारण राज्याचा जवळजवळ दुसरा अर्धा भाग तिच्या हक्काने आला. तिच्या वडिलांनी लिहून ठेवलं होतं की आल्टेनबुर्गचा पुरुषवंश खुंटला तर वारसा मुलीकडे जावा. १६७२ मध्ये तिथला शेवटचा ड्यूक चौदा-पंधरा वर्षांचा असतानाच वारला. वायमारच्या भाऊबंदांनी हक्क सांगितला. तडजोड झाली आणि आल्टेनबुर्गचा सुमारे तीन-चतुर्थांश मुलूख गोट्याला मिळाला. वायमारला उरलेला. एर्न्स्ट मेला तेव्हा एर्नेस्टीन घराण्याची बहुतेक जमीन पुन्हा एका हाताखाली आली होती. शंभर वर्षांत असं झालं नव्हतं. आणि नेमक्या त्या क्षणी वारस होते सात.

त्यांची नावं थोरल्यापासून: फ्रीडरिख, आल्ब्रेख्त, बेर्नहार्ड, हाइनरिख, क्रिस्टियान, एर्न्स्ट आणि योहान एर्न्स्ट. बाप गेला तेव्हा थोरला २८ चा, धाकटा १६ चा. शेवटच्या दिवसांत बापाने कारभार फ्रीडरिखच्या हाती दिलाच होता. मग राज्यही त्यालाच का दिलं नाही? त्याला कायदा आड येत होता, कारण प्रत्येक भावाचा जहागिरीत हिस्सा होता. शिवाय आयुष्यभर ‘वडील सगळ्यांचे’ असं शिकवलेल्या माणसाला सहा मुलांना नेमणुकीवर बसवणं अन्यायाचं वाटलं असणार. जमीन फुटली तर घराणं दुबळं होतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने मधला मार्ग काढला: हिस्सा सगळ्यांचा, कारभार एकत्र, पुढारी थोरला. एका चुलीवर सात संसार.

एकत्र कुटुंबाची दोन वर्षं

भावांनी प्रयत्न केला, हे आधी सांगायला हवं. फ्रीडेनश्टाइनमध्ये सगळे एकत्र राहिले. एकच दरबार, एकच खजिना. पण भावांची लग्नं होत होती. राजघराण्यातली सून आली की तिच्यासोबत दासी, पाद्री, मानकरी आणि मानपान येतो. कोणाची गाडी आधी, कोणाची खुर्ची कुठे, हे प्रश्न त्या काळात क्षुल्लक नव्हते, कारण मानाच्या क्रमावरून हक्काचा क्रम ठरायचा. थोरला हिशेब मागू लागला, धाकटे अधिकार मागू लागले. दीड-दोन वर्षांत एकेक भाऊ वेगवेगळ्या गावी राहायला गेला. चुली वेगळ्या झाल्या, कागदावर वाटणी तेवढी राहिली.

२४ फेब्रुवारी १६८० रोजी ती झाली. फ्रीडरिखने गोटा आणि आल्टेनबुर्ग ठेवलं. आल्ब्रेख्तला कोबुर्ग, बेर्नहार्डला माइनिंगेन, हाइनरिखला र्‍योमहिल्ड, क्रिस्टियानला आयझेनबेर्ग, एर्न्स्टला हिल्डबुर्गहाउझेन, योहान एर्न्स्टला झालफेल्ड. धाकट्याचा वाटा फार लहान होता.

यातला पेच असा की हे सात ड्यूक सारखे नव्हते. कोबुर्ग आणि माइनिंगेन यांना पूर्ण स्वायत्तता मिळाली. बाकी चौघांच्या मुलखावर वरचे अधिकार गोट्याने स्वतःकडे ठेवले. साम्राज्याच्या सभेत त्यांना स्वतंत्र मत नाही, वरिष्ठ सत्ता गोट्याची. या बंधनाला ‘नेक्सुस गोटानुस’ म्हणत. म्हणजे नावाने ड्यूक, दरबार पाळायचा, राजवाडा बांधायचा, पण पूर्ण राज्याधिकार नाही. धाकट्यांच्या मनात कायमची खुन्नस राहायला एवढं पुरेसं होतं. समान वाटणीने मत्सर कमी होतो आणि ज्येष्ठाधिकाराने राज्य अखंड राहतं. या तडजोडीत दोन्हींचा तोटा पदरात पडला, फायदा कोणाचाच नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एलिझाबेथ सोफी वारली.

फ्रीडरिखने धडा लगेच घेतला. १६८५ मध्ये त्याने आपल्या शाखेत ज्येष्ठाधिकार लागू केला आणि पुढे सम्राटाची मान्यता मिळवली. फ्रीडेनश्टाइनमधलं नाट्यगृहही त्याच्याच काळातलं. जुन्या लाकडी यंत्रणेने पडदे बदलणारं ते रंगमंच आजही चालू अवस्थेत आहे. आल्ब्रेख्तने कोबुर्गचा वाडा जळाल्यावर नवा बांधायला घेतला आणि १६९९ मध्ये तो निपुत्रिक गेला. क्रिस्टियानने आयझेनबेर्गला सुंदर चर्च बांधलं, किमयेच्या प्रयोगांत पैसा ओतला आणि १७०७ मध्ये कर्ज मागे ठेवून गेला. मागे एक मुलगी, मुलगा नाही. हाइनरिखही कर्जबाजारी होऊन १७१० मध्ये निपुत्रिक वारला.

अकरा वर्षांत तीन रिकाम्या गाद्या आणि त्यांवर उरलेल्या चार शाखांचे दावे. खटला साम्राज्याच्या दरबारी न्यायमंडळात गेला आणि व्हिएन्नाचे निकाल एकामागून एक येत राहिले. १७३५ मध्ये तो मिटला तेव्हा सातांपैकी एकही भाऊ जिवंत नव्हता.

माइनिंगेन

तिसरा मुलगा बेर्नहार्ड याच्याकडे जरा थांबून पाहायला हवं. एकत्र कारभार कसा मोडतो हे त्याने गोट्यात प्रत्यक्ष सोसलं होतं. तरी १७०६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात काय निघालं? तिन्ही मुलांनी एकत्र राज्य करावं, वाटणी करू नये. बापाचाच शब्द. हा मूर्खपणा होता, असं मी म्हणणार नाही. मुलांत डावं-उजवं करायचं नाही ही त्या घराची खरीखुरी श्रद्धा होती आणि श्रद्धा एका अपयशाने जात नाही.

थोरल्या एर्न्स्ट लुडविगने धाकट्यांवर दबाव आणून कारभार स्वतःकडे घेतला. सगळ्यात धाकटा आन्टोन उलरिख याने १७११ मध्ये फिलिपीने सेझार या एका कॅप्टनच्या मुलीशी लग्न केलं. सामान्य घरातली मुलगी. तिला दहा मुलं झाली. पण ड्यूकचं पद त्या मुलांना मिळावं की नाही, यावर घराणं तुटून पडलं. सम्राट सहाव्या कार्लने १७२७ मध्ये तिला राजकन्येचा दर्जा दिला. भाऊबंद लढत राहिले आणि पुढच्या सम्राटाच्या काळात मुलांचा वारसाहक्क काढून घेतला गेला. फिलिपीने १७४४ मध्ये गेली. ज्या बाईचा गुन्हा एवढाच की ती सरदाराच्या पोटी जन्मली नाही, तिच्या संसारावर तीस वर्षं कज्जे चालले.

आन्टोन उलरिख १७४६ मध्ये माइनिंगेनचा एकटा ड्यूक झाला. पुढच्याच वर्षी दरबारातल्या दोन स्त्रियांमध्ये मान कोणाचा आधी यावरून वाद पेटला आणि त्यांतल्या एकीला, फ्राउ फॉन ग्लायखेनला, नवऱ्यासकट कैद झाली. साम्राज्याच्या न्यायालयाने सुटकेचा हुकूम काढला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी गोट्याच्या सैन्याने माइनिंगेनच्या हद्दीतलं वासुंगेन गाव व्यापलं. १७४७-४८ चं हे ‘वासुंगेन युद्ध’ प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या मध्यस्थीने थांबलं. दोन्ही बाजूंचे ड्यूक एर्न्स्टचे वंशज. एक नातू, एक पणतू.

गोट्याच्या शाखेला आशा होती की म्हातारा आन्टोन उलरिख योग्य वारसाविना जाईल आणि माइनिंगेन आपल्याला मिळेल. त्याने १७५० मध्ये, साठी उलटल्यावर, हेसे-फिलिप्सटालच्या वीस वर्षांच्या शार्लोटे आमालीशी लग्न केलं. आठ मुलं झाली. वंश टिकला.

वाटणीचं दुसरं टोक

या तुकड्यांमुळे फक्त नुकसानच झालं, असं म्हणणं अर्धवट ठरेल. सात राजधान्या म्हणजे सात राजवाडे, चर्चं, ग्रंथसंग्रह, वादकांचे ताफे. थुरिंगियाच्या छोट्या-छोट्या गावांत आजही जी कला दिसते, तिचं मूळ या वाटणीत आहे. माइनिंगेनच्या दरबारी संगीताची जबाबदारी बाख घराण्यातला योहान लुडविग बाख सांभाळत होता. मात्र हा सगळा खर्च कोणाच्या कष्टातून निघाला तेही सांगायला हवं. एका दरबाराचा बोजा उचलणारा शेतकरी आता सात दरबार पोसत होता. ज्याच्या मुलासाठी एर्न्स्टने शाळा काढली, तोच हा शेतकरी.

आणि धाकटा योहान एर्न्स्ट? सगळ्यात लहान वाटा, अपुरी सत्ता, घरात सातव्या क्रमांकाचा मान. तो भावंडांत सगळ्यात जास्त जगला, १७२९ पर्यंत. १७३५ च्या निकालात कोबुर्ग त्याच्या मुलांकडे आलं. त्या शाखेतली व्हिक्टोरिया ब्रिटनच्या राजपुत्राला दिली गेली आणि तिची मुलगी म्हणजे राणी व्हिक्टोरिया. राणीचा नवरा आल्बर्टही त्याच घरातला, तिचा सख्खा मामेभाऊ. मुंबईच्या बोरीबंदरच्या स्थानकाला जिचं नाव होतं, जिच्या नाण्याला आपल्या आज्या ‘राणीचा रुपया’ म्हणत, ती आई आणि नवरा अशा दोन्हींकडून गोट्याच्या या शेंडेफळाच्या वंशाशी जोडलेली. थोरल्या शाखेचाही ब्रिटनशी धागा होता: तिसऱ्या जॉर्जची आई ऑगस्टा ही फ्रीडरिखची नात.

१८२५ मध्ये गोट्याची थोरली शाखा पुरुष वारसाविना संपली आणि १८२६ मध्ये उरलेल्या तीन शाखांनी नकाशा पुन्हा मांडला. गोटा कोबुर्गकडे गेलं. हिल्डबुर्गहाउझेनच्या ड्यूकने आपलं राज्य सोडून आल्टेनबुर्ग घेतलं. माइनिंगेनला हिल्डबुर्गहाउझेन आणि झालफेल्ड मिळालं. १९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या सगळ्या गाद्या गेल्या, तोवर एर्न्स्टच्या तीन मुलांचे वंशज तिथे ड्यूक होते. त्यानंतर थुरिंगियाची छोटी राज्यं एकत्र करायचं ठरलं, तेव्हा कोबुर्गच्या लोकांनी नोव्हेंबर १९१९ च्या मतदानात थुरिंगियात जायला मोठ्या बहुमताने नकार दिला. १ जुलै १९२० रोजी कोबुर्ग बव्हेरियात सामील झालं. गोटा थुरिंगियात राहिलं.